वाइन, लाल व पांढरी

वाइन, लाल व पांढरी : पिकलेल्या द्राक्षांच्या रसातील शर्करेचे यीस्टच्या साहाय्याने किण्वन (आंबविण्याची क्रिया) होऊन तयार होणारे, ऊर्ध्वपातन न केलेले मद्य. तीत अल्कोहॉलाचे प्रमाण आकारमानाने सामान्यतः ११ ते १४ टक्के असते. रंग, तुरटपणा व आंबटपणा यांवरून वाइनचे लाल व पांढरी असे दोन मुख्य प्रकार पडतात आणि कोणत्या अन्नाबरोबर कोणती वाइन घ्यावी हेही प्रामुख्याने या गुणांवरच अवलंबून असते. भारतात द्राक्षमद्य प्राचीन काळापासून ज्ञात आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात मद्याच्या प्रकारांत द्राक्षरसापासून केलेल्या ‘मधु’चा निर्देश आहे. आयुर्वेदातील द्राक्षासव हे औषधही किण्वनानेच तयार होते.

निर्मिती : द्राक्षाचा गर बहुतेक जातींत रंगहीन असतो, रंगद्रव्ये (अँथोसायनिने) सालीत असतात. लाल वाइनसाठी काळी द्राक्षे चिरडून रस, साली व बिया एकत्रच आंबवितात. अल्कोहॉल व उष्णता यांमुळे सालींतील रंग आणि साली व बियांतील टॅनिने रसात उतरतात. ही क्रिया सु. २५° ते ३०° से. तापमानात होते. पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षे दाबून रस प्रथम वेगळा करतात व तो एकटाच, १२° ते १८° से. इतक्या कमी तापमानात, सावकाश आंबवितात; त्यामुळे फळाचा मूळ वास टिकतो. यीस्टमुळे शर्करेचे एथिल अल्कोहॉल व कार्बन डाय-ऑक्साइड यांत रूपांतर होते. एक लिटर रसातील सु. १७ ग्रॅ. शर्करेपासून एक टक्का अल्कोहॉल मिळते. सर्व शर्करा संपल्यास वाइन ‘कोरडी’ होते. काही शर्करा शिल्लक ठेवल्यास ती गोडसर राहते. लाल वाइनमध्ये पुढे जीवाणूंच्या क्रियेने तीव्र मॅलिक अम्लाचे सौम्य लॅक्टिक अम्लात रूपांतर होऊ देतात. पांढऱ्या वाइनमध्ये ते पुष्कळदा टाळतात. त्यामुळे तिचा आंबटपणा अधिक जाणवतो.

महाराष्ट्रातील उत्पादन : खाण्याच्या द्राक्षांपासून चांगली वाइन होत नाही, तिच्यासाठी लहान मण्यांच्या, जाड सालीच्या वेगळ्या जाती लावतात. महाराष्ट्रात लाल वाइनसाठी शिराझ, काबर्ने सोव्हिन्यों व मर्लो, तर पांढऱ्या वाइनसाठी सोव्हिन्यों ब्लाँ, शनँ ब्लाँ व शार्दोने या जाती प्रचलित आहेत. यूरोपात वेल हिवाळ्यात सुप्तावस्थेत जाते व काढणी शरद ऋतूच्या सुमारास होते. येथे वेल सुप्त होत नसल्याने वर्षातून दोन छाटण्या कराव्या लागतात : एप्रिलमधील खरड छाटणी व पावसाळ्याच्या अखेरीस होणारी फळछाटणी. एप्रिलनंतरची वाढ फळासाठी न वापरता काडी तयार करण्यासाठी वापरतात व पीक एकच घेतात. काढणी जानेवारी ते मार्च या काळात होते. या महिन्यांत नाशिकच्या पठारावर दिवसा ऊन व रात्री थंडी असल्यामुळे फळातील अम्ल टिकून राहते.

आधुनिक वाइन उद्योगाचा प्रारंभ १९८०–९० या दशकात पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे झाला. तेथे शामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्रज्ञांच्या साहाय्याने फेसाळ वाइन तयार केली. ती परदेशात ‘ओमर खय्याम’ या नावाने विकली जाई. नाशिकजवळ राजीव सामंत यांच्या सुला या वाइननिर्मिती केंद्राची पहिली वाइन २००० मध्ये बाजारात आली. तीत सोव्हिन्यों ब्लाँ व शनँ ब्लाँ या पांढऱ्या वाइनी होत्या. २००१ मध्ये राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले व विंचूर (नाशिक जिल्हा) आणि पलूस (सांगली जिल्हा) येथे वाइन उद्यानांची योजना केली.

कोकणात मात्र द्राक्षाची लागवड होत नाही. अतिवृष्टी व सततची दमट हवा यांमुळे केवडा व भुरी हे बुरशीजन्य रोग तेथे आवरता येत नाहीत. सिंधुदुर्ग जिल्ह्याची फळसंपत्ती काजू, आंबा, कोकम व नारळ ही आहे. या जिल्ह्यात काजूबोंडे विपुल असली, तरी त्यांपासून फेणी करण्याची परंपरा मुख्यतः शेजारच्या गोव्यात आहे. फेणी हे ऊर्ध्वपातित मद्य असल्याने तिची गणना वाइनमध्ये होत नाही.

अन्नाशी मेळ : ‘मांसाबरोबर लाल, मासळीबरोबर पांढरी’ हा पाश्चात्त्य संकेत केवळ शिष्टाचाराचा नाही, त्याला रासायनिक आधार आहे. टॅनिने लाळेतील प्रथिनांशी संयोग पावतात. त्यामुळे तोंड कोरडे व तुरट होते. मांसातील प्रथिने व चरबी यांमुळे हा तुरटपणा कमी भासतो. मासळीच्या बाबतीत उलट घडते. जपानी संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसून आले की, वाइनमधील लोहामुळे मासळीचा नकोसा, उग्र वास तोंडात उत्पन्न होतो व दर लिटरमागे २ मिग्रॅ. पेक्षा अधिक लोह असल्यास तो विशेष जाणवतो. लाल वाइनमध्ये लोह पुष्कळदा अधिक असते. बांगडा, तारली यांसारख्या तेलकट मासळीतील असंतृप्त मेदाम्लांचे ऑक्सिडीभवन सहज होत असल्याने तिच्याबरोबर हा दोष अधिक संभवतो.

तथापि मालवणी भोजनास हा एक नियम पुरेसा पडत नाही. कारण तेथे मासळीपेक्षा तिच्यासोबतचे पदार्थ चव ठरवितात. पुढील चार घटक महत्त्वाचे होत : (१) आंबटपणा : आमसूल किंवा चिंच घातलेल्या कालवणाबरोबर कमी अम्लाची वाइन बेचव लागते. वाइन अन्नाइतकी तरी आंबट असावी लागते. म्हणून येथे सोव्हिन्यों ब्लाँ योग्य ठरते. (२) तिखटपणा : मिरचीतील कॅप्सेसिनाचा दाह अल्कोहॉलामुळे वाढतो व टॅनिनामुळे अधिक बोचरा होतो; किंचित गोडीमुळे तो शमतो. त्यामुळे तिखट तिसऱ्या किंवा कोळंबीच्या सुक्याबरोबर गोडसर शनँ ब्लाँ अधिक जुळते. (३) नारळ : ओल्या नारळाच्या वाटणातील स्निग्धता दाह कमी करते. अशा सौम्य कढीबरोबर, उदा., पापलेट किंवा सुरमईच्या, शार्दोने चालते. (४) तिरफळ : बांगड्याच्या कढीतील तिरफळाने जिभेला झिणझिण्या येतात व नाजूक वास लोपतात, तीबरोबर बारकाव्याची, महाग वाइन वाया जाते. रव्यात घोळून तळलेल्या मासळीबरोबर फेसाळ वाइन चांगली लागते. तिच्यातील अम्ल व बुडबुडे यांमुळे तेलकटपणा कमी भासतो. मटणाची सागोती किंवा कोंबडी-वडे यांच्याबरोबर शिराझ घेता येते. मात्र मसाला फार तिखट असल्यास तीव्र टॅनिनांची काबर्ने टाळणे इष्ट असते. सोलकढी असलेल्या जेवणात तीच तोंड स्वच्छ करण्याचे काम करते. तेथे वाइनची उणीव भासत नाही.

वाइन व मसाला यांचा जुना संबंध गोव्याच्या विंदालूत दिसतो. वाइन व लसूण यांत मुरविलेल्या मांसाच्या पोर्तुगीज पदार्थापासून तो आला. गोव्यात वाइनची जागा माडाच्या ताडीच्या शिरक्याने घेतली.

तापमान : पांढरी वाइन ८° ते १२° से. व लाल वाइन १६° ते १८° से. तापमानास देतात. लाल वाइन ‘खोलीच्या तापमानास’ द्यावी, हा यूरोपीय थंड घरांतील संकेत किनारपट्टीवर लागू पडत नाही. तेथे ३०° से. तापमानात अल्कोहॉलाचा झोत नाकाला जाणवतो व चव सैल होते. म्हणून लाल वाइनही काही वेळ थंड करावी लागते. बाटली उघडल्यावर हवेतील ऑक्सिजनामुळे वाइन थोड्याच दिवसांत उतरते.

कायदा व आरोग्य : महाराष्ट्रात मद्याचे नियंत्रण १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाने होते. गोव्यात मद्यावरील कर कमी असल्याने तेथील मद्य परवान्याविना महाराष्ट्रात आणण्याचे प्रकार घडतात. तो गुन्हा आहे. मुंबई-गोवा महामार्गावरील, सावंतवाडी तालुक्यातील इन्सुली येथे राज्य उत्पादन शुल्क विभागाचा तपासणी नाका त्यासाठीच आहे. त्यामुळे नाशिकची वाइन राज्यातीलच असूनही दूरची आणि गोव्याची बाटली जवळची असूनही निषिद्ध, अशी या सीमाभागाची स्थिती आहे. किराणा महादुकानांत वाइनविक्रीस मुभा देण्याच्या जानेवारी २०२२ मधील मंत्रिमंडळाच्या निर्णयास राज्यात तीव्र विरोध झाला. द्राक्षबागायतदारांचा लाभ विरुद्ध व्यसनाचा प्रसार, असे त्या वादाचे स्वरूप होते.

वाइन हृदयास हितकारक असते, असा समज रूढ आहे. तथापि अल्कोहॉलयुक्त पेयांचा समावेश १९८८ पासून मानवात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या द्रव्यांत केलेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये, अल्कोहॉलाची कोणतीही मात्रा निर्धोक मानता येत नाही, असे स्पष्ट केले. वाइनमधील अल्कोहॉल इतर मद्यांतील अल्कोहॉलाहून वेगळे नसते. अन्नाबरोबर ती घेतल्याने त्याचे शोषण मंदावते, परंतु मात्रा कमी होत नाही.