फ्रान्सची सर्वांत लांब सीमा कोणाशी?

फ्रान्सची जमिनीवरील सर्वांत लांब सीमा कोणत्या देशाला लागून आहे, हा सामान्यज्ञानाच्या स्पर्धांमधला एक चकवणारा प्रश्न आहे आणि युरोपचा नकाशा डोळ्यांसमोर आणणारा स्पर्धक स्पेन, बेल्जियम किंवा जर्मनी यांपैकी एकाचे नाव घेतो. बरोबर उत्तर ब्राझील हे आहे. हे उत्तर ऐकून अनेकांना फसवल्यासारखे वाटते. वस्तुतः प्रश्नात कोणतीही लबाडी नाही, कारण देशाची हद्द राज्यघटना आणि करार यांनी ठरते आणि त्या कसोटीवर फ्रान्सचा काही भाग दक्षिण अमेरिकेत आहे.

सुरिनाम आणि ब्राझील यांच्यामध्ये, अटलांटिक महासागराच्या किनाऱ्याला लागून, फ्रेंच गियाना हा सुमारे ८४,००० चौरस किलोमीटरचा आणि जवळजवळ सर्वत्र वर्षावनाने व्यापलेला प्रदेश आहे. शतकानुशतके वसाहत असलेल्या या प्रदेशाला १९ मार्च १९४६ च्या कायद्याने ‘देपार्तमाँ’चा, म्हणजे फ्रान्सच्या मुख्य भूमीतील जिल्ह्यांसारखा, दर्जा मिळाला. तेथील मतदार पॅरिसमधील संसदेत आपले प्रतिनिधी पाठवतात, बाजारात युरो चालतो आणि हा प्रदेश युरोपीय संघातही मोडतो. विषुववृत्तापासून केवळ पाच अंशांवर असलेले येथील कुरू हे प्रक्षेपण केंद्र भारतीयांना परिचित आहे, कारण भारताचा ‘ॲपल’ हा प्रायोगिक दळणवळण उपग्रह १९ जून १९८१ रोजी तेथूनच अवकाशात गेला होता. अधिक स्वायत्तता हवी का, असा प्रश्न जानेवारी २०१० च्या सार्वमतात विचारला गेला, तेव्हा सुमारे ७० टक्के मतदारांनी नकार दिला. फ्रान्स आणि ब्राझील यांचा शेजार त्यामुळे केवळ जुन्या कागदपत्रांच्या आधारावर टिकलेला आहे, असे म्हणता येत नाही.

ही सीमा आखण्यास मात्र जवळजवळ दोन शतके लागली. ब्राझील पोर्तुगालच्या ताब्यात असताना, १७१३ मध्ये, उत्रेख्तच्या तहात दोन्ही सत्तांनी एक नदी सरहद्द म्हणून मान्य केली. परंतु तहातील नदीचे नाव नेमके कोणत्या प्रवाहाला लागू होते, यावर एकमत झाले नाही. पोर्तुगालच्या आणि पुढे स्वतंत्र ब्राझीलच्या मते ती ओयापोक नदी होती, तर फ्रान्स तिच्या बऱ्याच दक्षिणेला असलेल्या अराग्वारी नदीकडे बोट दाखवत असे, आणि या दोन नद्यांमधील विस्तीर्ण प्रदेश कोणाचा हे त्यामुळे अनिर्णित राहिले. १८९० च्या दशकात त्या प्रदेशात सोने सापडल्यावर वाद चिघळला आणि १८९५ मध्ये तेथे रक्तपातही झाला. अखेर दोन्ही देशांनी स्वित्झर्लंडच्या संघीय सरकारला लवाद नेमले. ब्राझीलची बाजू मांडणारे बॅरन ऑफ रिओ ब्रांको यांनी जुने नकाशे, प्रवासवर्णने आणि करार यांचा प्रचंड पुरावा सादर केला, आणि १ डिसेंबर १९०० रोजी लवादाने ओयापोक हीच तहातील नदी असल्याचा निकाल दिला. फ्रान्सने तो मान्य केला. दोन देशांमधला इतक्या मोठ्या भूप्रदेशाचा वाद कागदपत्रांच्या अभ्यासावर सुटावा, ही सीमावादांच्या इतिहासात आदराने नोंदवावी अशी गोष्ट आहे.

ओयापोक नदीवर फ्रेंच गियानातील सेंट जॉर्ज आणि ब्राझीलमधील ओयापोकी या गावांना जोडणारा ३७८ मीटर लांबीचा पूल २०११ मध्ये बांधून पूर्ण झाला, पण तो वाहतुकीला मार्च २०१७ मध्ये खुला झाला. त्या वेळी ब्राझीलच्या नागरिकाला पर्यटनासाठी पॅरिसला व्हिसाशिवाय जाता येत असे, परंतु हा पूल ओलांडून समोरच्या गावात जाण्यासाठी व्हिसा लागत असे, कारण व्हिसामुक्त प्रवासासाठी युरोपीय देशांनी केलेली शेंगेन व्यवस्था फ्रेंच गियानाला लागू नाही.

सीमेच्या लांबीविषयी एक सावधगिरी आवश्यक आहे. ब्राझीललगतच्या सीमेची फ्रान्समध्ये रूढ असलेली लांबी ७३० किलोमीटर आहे, तर अन्य काही ठिकाणी ती ७०० किलोमीटरहून कमी दिली जाते. स्पेनलगतची सीमा बहुधा ६२० ते ६५० किलोमीटर मानली जाते. नागमोडी नदी किंवा डोंगररांग मोजताना मोजपट्टी जितकी लहान घ्यावी तितकी अधिक वळणे हिशेबात येतात आणि लांबी वाढते. ब्रिटिश शास्त्रज्ञ लुईस फ्राय रिचर्डसन यांच्या लक्षात आले होते की स्पेन आणि पोर्तुगाल यांची एकच सीमा एका देशाने ९८७, तर दुसऱ्याने १,२१४ किलोमीटर नोंदवली होती.

असे अनपेक्षित शेजार इतरत्रही आहेत. ग्रीनलंड डेन्मार्कच्या राज्यात असल्यामुळे आणि जून २०२२ मध्ये हान्स नावाचे ओसाड बेट दोन्ही देशांनी वाटून घेतल्यामुळे कॅनडा आणि डेन्मार्क यांच्यात जमिनीवरील सीमा निर्माण झाली. कॅरिबियन समुद्रातील सेंट मार्टिन बेट १६४८ पासून फ्रान्स आणि नेदरलँड्स यांच्यात विभागलेले आहे.

भारतही या विषयाच्या बाहेर नाही. पुदुच्चेरी, कारैकाल, माहे आणि यानम या फ्रेंच वसाहतींचा कारभार १ नोव्हेंबर १९५४ रोजी भारताकडे आला आणि कायदेशीर हस्तांतरण १६ ऑगस्ट १९६२ रोजी पूर्ण झाले, म्हणजे स्वतंत्र भारताची सीमाही काही वर्षे फ्रान्सला लागून होती. गोव्याची गोष्ट मात्र वेगळी आणि क्लेशदायक आहे. पोर्तुगालने १९५१ मध्ये घटना बदलून आपल्या वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ म्हटले आणि गोवा हा पोर्तुगालचाच भाग असल्याचा दावा केला, परंतु सालाझार यांच्या हुकूमशाहीत गोवेकरांना त्याबद्दल स्वतंत्रपणे मत देण्याचा मार्ग नव्हता. ज्या लोकांना विचारलेच गेले नाही, त्यांच्या भूमीवर असा दावा सांगण्याला नैतिक आधार नव्हता. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. भारताचे तेथील सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केले ते ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने.