'गुसार्स्काया बल्लादा' : युद्धस्मृती आणि विनोद

प्रस्तावना

राष्ट्राच्या जीवनमरणाच्या युद्धावर हसत-गात चित्रपट काढता येतो काय, हा प्रश्न सोव्हिएत रशियात १९६२ मध्ये प्रत्यक्ष उभा राहिला. निमित्त होते एल्दार रियाझानोव्ह दिग्दर्शित 'गुसार्स्काया बल्लादा' म्हणजे 'हुसारांचे गीत' या संगीत विनोदी चित्रपटाचे. हुसार म्हणजे हलक्या घोडदळातील स्वार. प्रस्तुत लेखात या चित्रपटाचे स्वरूप व त्यातील कुतुझोव्हच्या भूमिकेविषयीचा वाद यांचा परामर्श घेतला आहे.

मूळ नाटक व कथानक

चित्रपटाचा आधार अलेक्सांद्र ग्लादकोव्ह यांचे पद्यनाटक होय. १९४१ च्या नोव्हेंबरमध्ये जर्मन वेढ्यात सापडलेल्या लेनिनग्राडमध्ये त्याचा प्रयोग झाला. नेपोलियनला परतवणाऱ्या १८१२ च्या रशियाची ही हसरी कथा संकटग्रस्त प्रेक्षकांना धीर देणारी होती. पुढे तिखोन ख्रेनिकोव्ह यांचेच संगीत चित्रपटातही आले.

नायिका शूरा अझारोवा युद्ध सुरू होताच पुरुषवेष धारण करून सैन्यात दाखल होते. तिचा नियोजित वर लेफ्टनंट र्झेव्हस्की तिला तरुण अधिकारीच समजतो आणि त्यातून विनोद फुलत जातो. घोडदळात पुरुषवेषाने लढलेल्या नादेझ्दा दुरोव्हा या ऐतिहासिक स्त्रीशी शूराचे साम्य सहज लक्षात येते. लारिसा गोलुबकिना यांचा हा पहिलाच चित्रपट. र्झेव्हस्कीची भूमिका युरी याकोव्हलेव्ह यांनी केली.

कुतुझोव्हच्या भूमिकेचा वाद

सेनापती कुतुझोव्ह म्हणजे रशियन जनमानसातील पूज्य व्यक्ती. ही भूमिका रियाझानोव्ह यांनी इगोर इल्यिन्स्की या नामवंत विनोदी नटाला दिली. याच नटाने त्यांच्या १९५६ च्या 'कार्नावाल्नाया नोच' मध्ये हास्यास्पद नोकरशहा रंगवला होता. राष्ट्रवीराची भूमिका विदूषकाने करावी, हे सांस्कृतिक मंत्री येकातेरिना फुर्त्सेवा यांना रुचले नाही व चित्रपटाचे प्रदर्शन अडचणीत आले. 'इझ्वेस्तिया'च्या 'नेदेल्या' या पुरवणीत प्रशंसा प्रसिद्ध झाल्यावर विरोध मावळला, असे रियाझानोव्ह यांनी आठवणींत नमूद केले आहे. बोरोदिनोच्या लढाईच्या दीडशेव्या स्मरणदिनी, ७ सप्टेंबर १९६२ रोजी, चित्रपट मॉस्कोत प्रदर्शित झाला.

पडद्यावर मात्र इल्यिन्स्कींचा कुतुझोव्ह हास्याचा विषय होत नाही. शूराचे गुपित कळल्यावर तो आधी संतापतो. पण तिची कामगिरी समजताच तिला सैन्यात राहू देतो व पदकाने गौरवितो. कठोर सेनानी आणि मायाळू आजोबा अशी दोन्ही रूपे एकाच प्रसंगात प्रकटतात. हा पालट सहज घडवण्यासाठी लागणारे कालभान विनोदी नटाच्या अंगी मुरलेले असते. दिग्दर्शकाच्या निवडीमागील औचित्य येथे स्पष्ट होते.

निष्कर्ष

मंत्र्यांची भीती निराधार ठरली. हास्यामुळे कुतुझोव्हची प्रतिष्ठा उणावली नाही, उलट तो सामान्य प्रेक्षकाच्या अधिक निकट आला. र्झेव्हस्की तर पुढे असंख्य रशियन विनोदी चुटक्यांचा नायक झाला. पूज्य स्मृतीला विनोदाचा स्पर्श झाला की ती मलिन होते, हे गृहीतक तपासून पाहण्यास हा चित्रपट भाग पाडतो. वेढ्यातील लेनिनग्राडकरांनी मूळ नाटकाला हसून दाद दिली, तेव्हाच त्याचे उत्तर मिळाले होते.