आधी ऑइल, मग गाळणं

सर्व्हिसिंगच्या बिलात ऑइल फिल्टरची ओळ कुणी फारशी वाचत नाही. टायर घेताना चार दुकानं फिरणारा आणि ऑइलचा ग्रेड तोंडपाठ असणारा माणूससुद्धा फिल्टरची वेळ आली की ‘जो असेल तो टाका’ म्हणून मोकळा होतो. हातात मावणारा हा पत्र्याचा डबा इंजिनसाठी काय काय करतो, हे एकदा समजून घेतलं तर तसं म्हणणं जड जाईल.

इंजिनच्या तळाशी, संपमध्ये, ऑइल साठलेलं असतं. पंप ते ओढून दाबाने फिल्टरकडे ढकलतो. फिल्टरच्या तोंडावर कडेने बारीक भोकं असतात. त्यांतून ऑइल आत शिरतं, घड्या घातलेल्या कागदातून गाळलं जातं आणि मधल्या, आटे असलेल्या भोकातून बाहेर पडून क्रँकशाफ्टच्या बेअरिंगपर्यंत आणि वर कॅमशाफ्टपर्यंत पोचतं. बेअरिंग आणि शाफ्ट यांच्यामधला ऑइलचा थर जेमतेम काही मायक्रॉनचा असतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा, यावरून अंदाज यावा. या थरात कसाबसा शिरेल एवढा धुळीचा किंवा धातूचा कण सगळ्यात जास्त खरवडतो. तो नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही.

सुरुवातीच्या मोटारींना असा फिल्टर नव्हता. फार तर एक जाळी असायची आणि ऑइल वारंवार बदलावं लागायचं. १९२३ साली अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहाल यांनी ‘प्युरोलेटर’ हा फिल्टर आणला, आणि १९२४च्या क्रायस्लर गाडीत तो बसला. पण त्या काळच्या फिल्टरमधून ऑइलचा थोडाच भाग जायचा, बाकीचं न गाळताच बेअरिंगकडे. पुढे सगळं ऑइल फिल्टरमधूनच नेण्याची पद्धत आली आणि १९५०च्या दशकात आजचा ‘फिरवून बसवायचा’ डबा रुळला.

सगळं ऑइल एकाच वाटेने जायचं ठरलं की प्रश्न उभा राहतो: ती वाट तुंबली तर? कागद मळाने भरला किंवा थंडीत ऑइल फार घट्ट असलं, तर बेअरिंगपर्यंत ते पुरेसं पोचणार नाही आणि इंजिन जाम होईल. म्हणून फिल्टरमध्ये स्प्रिंगवर बसवलेला बायपास व्हॉल्व्ह असतो. कागदाच्या आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की तो उघडतो आणि ऑइल न गाळताच पुढे सोडतो. मळकं ऑइल वाईट, पण ऑइलच नसणं त्याहून फार वाईट. फिल्टर बनवणाऱ्यांच्या शहाणपणाचा हा गाभा आहे, आणि निवडीचा सगळा विचार मी इथूनच सुरू करतो.

कारण व्हॉल्व्ह उघडण्याची मर्यादा प्रत्येक इंजिनची वेगळी असते, साधारण ८ ते २२ पीएसआयच्या दरम्यान कुठेतरी. काही इंजिनांत हा व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असतो, त्यामुळे त्यांच्या फिल्टरमध्ये तो दिलेलाच नसतो. असा फिल्टर दुसऱ्या इंजिनवर चढवला तर आटे बसतील, गॅसकेट बसेल, गाडी छान चालेल. पण कागद तुंबला त्या दिवशी ऑइलला दुसरी वाट उरणार नाही. उलट स्प्रिंग गरजेपेक्षा नरम असेल, तर ॲक्सिलरेटर जोरात दाबला की व्हॉल्व्ह उघडत राहील आणि फिल्टर असून नसल्यासारखा होईल. यातलं काहीच बाहेरून दिसत नाही. त्यातच आट्यांची गफलत. पाऊण इंची, इंचाला १६ आट्यांचा फिल्टर आणि २० मिलिमीटरचा, दीड मिलिमीटर पिचचा फिल्टर हातात घेतले तर सारखेच वाटतात. चुकीचा फिल्टर एक-दोन फेरे फिरला, तरी तो बसला असं समजू नये. ‘बसतोय ना, मग झालं’ हे गॅरेजमधलं वाक्य म्हणूनच मला मान्य नाही.

दुसरा व्हॉल्व्ह म्हणजे तोंडाच्या भोकांमागची रबरी चकती. फिल्टर आडवा किंवा तोंड खाली करून बसवलेला असेल, तर गाडी बंद झाल्यावर त्यातलं ऑइल ओघळून जाऊ नये हे तिचं काम. ती कडक झाली की सकाळी स्टार्टर मारल्यावर इंजिन क्षणभर खडखडतं, कारण रिकामा फिल्टर आधी भरावा लागतो. सिलिकॉनची चकती साध्या नायट्राइल रबरापेक्षा उष्णतेत जास्त टिकते.

आता कागद. चहाच्या गाळणीसारखी एकसारखी भोकं त्याला नसतात. तंतूंच्या गुंत्यात कण अडकत जातात. म्हणून अमुक मायक्रॉनचे शंभरातले किती कण अडकतात, असंच मोजावं लागतं. खोक्यावर नुसतं ‘९९ टक्के’ छापलेलं असेल आणि किती मायक्रॉनला ते सांगितलं नसेल, तर त्या आकड्याला काडीचा अर्थ नाही. बारीक गाळण्याचा फायदा मात्र खरा आहे. जनरल मोटर्सच्या १९८८ सालच्या अभ्यासात ४० मायक्रॉनच्या फिल्टरच्या तुलनेत ३० मायक्रॉनच्या फिल्टरने इंजिनची झीज निम्म्याने, तर १५ मायक्रॉनच्या फिल्टरने सुमारे ७० टक्क्यांनी कमी झाली. पण बारीक गाळायचं तर कागदही भरपूर हवा. घड्या कमी असतील तर तो लवकर तुंबतो. ऑइल बदलण्याचं अंतर लांब असेल, तर काचतंतू किंवा मिश्र तंतूंच्या फिल्टरला थोडे जास्त पैसे द्यावेत. दर वेळी वेळेवर ऑइल बदलणाऱ्याला चांगला कागदी फिल्टर पुरतो. डिझेलची काजळी मात्र इतकी सूक्ष्म असते की कुठलाच साधा फिल्टर ती काढत नाही, म्हणून फिल्टर भारी आहे या भरवशावर ऑइल बदलणं पुढे ढकलू नये.

पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेलात तर नुसतं गाडीचं नाव सांगू नका; साल आणि इंजिनही सांगा. स्विफ्टचंच पाहा. पेट्रोलला फिरवून बसवायचा डबा. १३०० सीसी डिझेलला मात्र नुसती कागदी कार्ट्रिज, तीही घरासारख्या कायमच्या कोठीत. हे मूळचं फियाटचं इंजिन. रांजणगावच्या कारखान्यात बनून टाटाच्या आणि फियाटच्या गाड्यांतही गेलं. कार्ट्रिजची उंची थोडी जरी कमी पडली तर वरून-खालून फट राहते आणि ऑइल कागदाला वळसा घालून निघून जातं. सोबतची रबरी रिंग दर वेळी नवीच घालावी.

डुप्लिकेट मालाची भीती खरी आहे. खोका हुबेहूब छापता येतो, म्हणून डब्यात डोकावून पाहावं. कडेच्या भोकातून चकती दाबून बघा. ती मऊ असायला हवी. मधल्या भोकातून घड्या दिसत असतील तर त्या सारख्या अंतरावर आहेत का, आटे स्वच्छ कापलेले आहेत का, हेही पाहा. गाडीच्या पुस्तिकेतला पार्ट नंबर कंपनीच्या कॅटलॉगशी जुळवून, बिल देणाऱ्या दुकानातूनच फिल्टर घ्यावा.

बसवताना जुनी गॅसकेट ब्लॉकला चिकटून राहिली नाही ना, हे बोट फिरवून तपासावं; दोन गॅसकेट एकावर एक आल्या तर दाबाने ऑइल बाहेर फेकलं जातं. नव्या गॅसकेटला थोडं ऑइल चोळावं. ती टेकेपर्यंत फिल्टर हाताने फिरवावा आणि मग डब्यावर लिहिलं असेल तेवढाच, बहुधा पाऊण फेरा. पाना फक्त काढायला. इंजिन सुरू केल्यावर ऑइलचा दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. तोवर रेस देऊ नये. एक-दोन मिनिटांनी खाली वाकून थेंब गळतोय का पाहावं. मग इंजिन बंद करून थोडं थांबून डिपस्टिक काढावी. नव्या फिल्टरने आपल्या वाट्याचं ऑइल शोषलेलं असतं, तेवढं वरून भरावं लागतं.