पायाखालचं गोडाऊन

जुनी गोदामं शूट करायला निघालो खरे, पण हरिपूरला पोचल्यावर कळलं, इथली गोदामं दिसतच नाहीत. ती चक्क जमिनीखाली आहेत!

शनिवारची सकाळ, सव्वासहा. सांगलीच्या आयर्विन पुलावर आम्ही सहा जण जांभया देत उभे. साताऱ्याहून पहाटे तीनला निघालेलो, झोप कुणाचीच झालेली नाही. दोघांकडे डीएसएलआर, बाकी सगळे मोबाइलवाले. गाईड म्हणून माझा मामा. त्याच्याकडे कॅमेरा नाही, चहाचा थर्मास!

प्लॅन सोपा होता. नदीकाठची जुनी व्यापारी सांगली पायी फिरायची आणि फोटो काढायचे. १९२९ सालचा पूल, खाली संथ कृष्णा. महाबळेश्वरला उगम पावलेली आमची ही सातारकर नदी वाई, कऱ्हाड करत इथवर येते. मग घाट, गणपती मंदिर, गणपती पेठ. अर्धी उघडलेली शटर्स, हातगाड्या, पोत्यांच्या थप्प्या, पाठीवर पोतं घेतलेले हमाल. दोन तासांत आमची मेमरी कार्ड्स निम्मी भरली.

"आता खरी गोदामं बघायला चला," मामा म्हणाला आणि गाडी हरिपूरकडे वळवली.

हरिपूर सांगलीला अगदी लागून. कृष्णा आणि वारणेचा संगम इथलाच, काठावर संगमेश्वराचं देऊळ. 'संगीत शारदा' लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल याच गावचे. आम्ही आपले उंच भिंती आणि पत्र्याची छपरं शोधतोय. मामानं एका मोकळ्या जागेतल्या दगडी झाकणाकडे बोट दाखवलं. "हे बघ गोडाऊन."

त्याला म्हणतात पेव. जमिनीत खोल खणलेला खड्डा. तोंड अरुंद, माणूस जेमतेम उतरेल एवढं. खाली मात्र पोट फुगत गेलेलं, एखाद्या रांजणासारखं. नदीकाठची इथली माती अशी घट्ट, की खड्डा ढासळत नाही. आत पाचट अंथरायचं, त्यावर हळद भरायची, तोंड मातीनं लिंपून टाकायचं. एका पेवात शेकडो पोत्यांचा माल राहतो. आतला प्राणवायू हळूहळू संपतो, त्यामुळे कीड जगत नाही. हळद वर्षानुवर्षं टिकते. ना वीज, ना औषध फवारणी!

पण जी हवा कीड मारते, ती माणसालाही सोडत नाही. म्हणून पेव उघडल्यावर ते बराच वेळ तसंच ठेवायचं. मग पेटता कंदील आत सोडायचा. तो विझला, तर कुणी उतरायचं नाही. मामा हे सगळं अगदी सहज सांगत होता. खड्ड्याजवळ मात्र येत नव्हता.

कारण मला माहीत होतं. २००५ च्या पुरात कृष्णेचं पाणी हरिपुरात शिरलं आणि पेवांमध्ये उतरलं. मामा तेव्हा हळदीचा छोटा व्यापारी. मी तिसरीत होते. पाणी ओसरल्यावर त्याच्या कपड्यांना येणारा कुजक्या हळदीचा वास मला अजून आठवतो. पुढच्या वर्षी त्यानं किराणा दुकान टाकलं. व्यापाऱ्यांनीही जमिनीवरची गोदामं आणि कोल्ड स्टोरेज जवळ केलं. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला जीआय मानांकन मिळालं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथली धोक्याची पातळी आहे ४५ फूट.

ज्या नदीच्या गाळानं ही पेवं शक्य केली, तीच नदी त्यांच्यावर उठली.

फोटो काढायला गेलो तर पंचाईत. पेवाचा फोटो म्हणजे जमिनीवर एक काळा ठिपका! फ्लॅश मारून झाला, टॉर्च मारून झाला. आकार कळायला शेजारी कुणीतरी उभं राहायला हवं होतं.

"मामा, तू ये ना जरा."

"माझा कशाला काढतीस? ह्या खड्ड्याचा काढ की. मी काय, हाय अजून."

शेवटी आला. दोन पावलं अलीकडेच थांबला, आत मात्र बघितलं नाही. त्या दिवशी मी साडेतीनशे फोटो काढले, ठेवला हा एकच. दगडी झाकण, काळं तोंड आणि धुळीनं माखलेल्या चपलांतले मामाचे दोन पाय.

तुम्हीही निघताय?

साताऱ्याहून कऱ्हाड, पेठ नाका, आष्टामार्गे साधारण सव्वाशे किलोमीटर. फेब्रुवारी ते एप्रिल हा नव्या हळदीचा हंगाम, तेव्हा मार्केट यार्डात पिवळी धूळ आणि रंग भरपूर. पावसाळ्यात मात्र नको. पेवं खासगी जागेत आहेत, आधी मालकांना विचारा. फोटोसाठी आत डोकावू नका, उतरण्याचा तर विचारही नको. आणि कॅमेरा काढण्याआधी गावातल्या एखाद्या जुन्या माणसाजवळ दहा मिनिटं बसा. खाली काय होतं, ते त्यांनाच माहीत आहे.