आयसीयूबाहेरचे नातेवाईक आणि ‘फरक पडला नाही’ असं सांगणारा पेपर

मिरजेत, कराडला किंवा साताऱ्यात कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलच्या आयसीयूबाहेर रात्री अकरानंतर जाऊन बघा. सतरंज्या अंथरलेल्या असतात, जेवणाचे डबे, औषधांची पिशवी, आणि कुणाच्या तरी उशाशी जपून ठेवलेलं सीटी स्कॅनचं मोठं पाकीट. जत-आटपाडीकडची माणसं मिरजेला येतात, पाटण-खटावकडची कराडला. आत पेशंट एक, बाहेर घरचे चार-पाच. आतून हाक येते, “अमक्यांचे नातेवाईक कोण?” की एकजण उठून मेडिकलकडे पळतो.

पक्षाघाताच्या पेशंटला या बाहेरच्या माणसांचा नेमका किती उपयोग होतो? प्रश्न भावनिक वाटतो, पण तो मोजता येतो. आणि तो भारतातच, मोठ्या प्रमाणावर मोजला गेलाय. प्रपोजलची तयारी करत असाल तर तो पेपर वाचाच. त्याचं उत्तर ‘फरक पडला नाही’ असं आलं, आणि असं उत्तर कसं वाचायचं हे आपल्याला सहसा कोणी शिकवत नाही.

आधी शब्दाबद्दल थोडं. आपल्याकडे कोणी ‘लकवा मारला’ म्हणतं, कोणी ‘पॅरालिसिस झाला’, कोणी नुसतं ‘झटका आला’. झटका हार्ट ॲटॅकलाही म्हणतात आणि आकडीलाही. तुमच्या प्रश्नावलीत ‘घरात कुणाला झटका आला होता का?’ असं असेल तर तीन वेगळे आजार एका खान्यात पडतील. इथे बोलतोय ते मेंदूबद्दल: रक्तवाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते, आणि मेंदूचा तो भाग मरू लागतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. गाव ते तालुका ते मिरज या प्रवासात ते तास अनेकदा संपतात, आणि मग उरते ती लांबची लढाई.

त्या लढाईसाठी फिजिओथेरपिस्ट लागतात, आणि ते कमी आहेत. घरचे मात्र असतात. मग घरच्यांनाच शिकवलं तर? हाच विचार घेऊन ‘अटेंड’ नावाची चाचणी झाली. भारतातली १४ हॉस्पिटलं, १२५० पेशंट, भरती २०१४ ते २०१६. नेतृत्व सिडनीच्या जॉर्ज इन्स्टिट्यूटचे रिचर्ड लिंडले आणि लुधियानाच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे जयराज पांडियन यांचं. निकाल २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. चिठ्ठी टाकल्यासारखं पेशंटना दोन गटांत विभागलं. एका गटाला नेहमीचे उपचार. दुसऱ्या गटात त्यासोबत घरच्या एका माणसाला हॉस्पिटलमध्येच शिकवलं: कुशीवर कसं वळवायचं, बसवायचं कसं, रोजचं छोटं ध्येय कसं ठरवायचं. नंतर प्रशिक्षित माणूस घरीही जाऊन आला.

सहा महिन्यांनी मोजलं की किती पेशंट दगावले किंवा दुसऱ्यावर अवलंबून राहिले. दोन्ही गटांत ४७ टक्के.

आता इथे थांबा. बहुतेकजण सारांश वाचतात आणि ‘घरच्यांना शिकवून उपयोग नाही’ असं लिहून मोकळे होतात. पेपर तसं म्हणत नाही. त्यातलं ऑड्स गुणोत्तर ०.९८ आहे आणि त्याचा ९५ टक्के विश्वास-पट्टा ०.७८ ते १.२३. एक म्हणजे दोन्ही गट सारखे. म्हणजे या माहितीशी थोडा फायदाही जुळतो आणि थोडा तोटाही. मोठा फायदा मात्र जुळत नाही, आणि ‘घरच्यांवर सोपवलं की झालं’ असं धोरण आखणाऱ्यांना एवढं कळलं तरी पुरे आहे.

पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो दुसरा गट, ‘नेहमीचे उपचार’वाला. आपल्याकडे नेहमीच्या उपचारांत घरचे आधीच असतात. पाठ पुसणं, नळीतून भरवणं, औषधं आणणं, रिपोर्टसाठी लॅबला पळणं, रात्री हात धरून बसणं. नातेवाईक नसलेला गट आपल्या हॉस्पिटलांत तयारच होत नाही. म्हणजे तुलना ‘कुटुंब विरुद्ध कुटुंब नाही’ अशी नव्हती, ‘शिकवलेलं कुटुंब विरुद्ध न शिकवलेलं कुटुंब’ अशी होती. माझ्या मते निकाल वाचताना हे सतत डोळ्यासमोर हवं. ‘घरचे असून उपयोग नाही’ हे वाक्य या पेपरमधून काढताच येत नाही.

मग मोजपट्टी. इथे वापरली ती रँकिन पट्टी: ० म्हणजे काही त्रास नाही, ६ म्हणजे मृत्यू. ३ किंवा जास्त आलं की निकाल वाईट धरला. आता आपल्याकडचं एखादं घर डोळ्यासमोर आणा. तात्या स्वतः चालत संडासला जाऊ शकतात, पण सूनबाई उठू देत नाही, “तुम्ही बसा, मी आहे ना.” प्रेमाने केलेली ही मदत पट्टीवर काय म्हणून उतरेल? तात्यांना जमत नाही, की करू दिलं जात नाही, हे विचारणाऱ्याने नीट विचारलं नाही तर दोन्ही एकच दिसतं.

अशीच गोष्ट ब्रिटनमध्ये घडली होती. ललित कालरा यांच्या गटाने २००४ मध्ये एकाच केंद्रात ३०० पेशंटवर काम केलं. घरच्यांना शिकवल्यावर त्यांच्यावरचा ताण कमी झाला, खर्चही घटला. मग तेच ३६ केंद्रांत, ९२८ पेशंट आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांवर करून पाहिलं. २०१३ मध्ये निकाल आला: फरक नाही. एका केंद्रात उत्साही माणसं असतात, ती जीव ओतून शिकवतात. ३६ ठिकाणी तसा जीव ओतला जात नाही. तुमच्या गाइडनी ‘आपल्याच हॉस्पिटलमध्ये करून टाक’ म्हटलं तर ही जोडी लक्षात ठेवा.

‘जास्त केलं तर जास्त फायदा’ हेही खरं नसतं. २०१५ च्या ‘ॲव्हर्ट’ चाचणीत पाच देशांतल्या २१०४ पेशंटपैकी अर्ध्यांना पहिल्या २४ तासांतच उठवायला सुरुवात केली, तीही जास्त वेळा. तीन महिन्यांनी निकाल चांगला आलेले पेशंट त्या गटात ४६ टक्के, नेहमीच्या गटात ५०. घरच्यांची घाई आपण सगळ्यांनी पाहिली आहे: “जरा बसवून बघा की,” “दोन चमचे पाणी तरी द्या.” पक्षाघातानंतर गिळण्यावर परिणाम झालेला असू शकतो. तपासायच्या आधी दिलेलं ते पाणी फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. नर्स ‘नको’ म्हणते ती उद्धटपणाने नाही.

आता आयसीयूच्या दाराशी परत. ‘अटेंड’मध्ये जगण्याची बरी शक्यता असलेलेच पेशंट घेतले होते. दाराबाहेर पहिल्या दोन रात्री जो प्रश्न असतो तो याच्या अलीकडचा: “डॉक्टर, वाचतील का? की घरी न्यावं?” त्यामागे पैसे असतात, व्याजाने काढलेली रक्कम असते, रानातली कामं खोळंबलेली असतात. इथे संशोधनातला एक वाईट सापळा आहे. मेंदूत रक्तस्राव झालेल्या पेशंटबद्दल २००१ साली बेकर आणि सहकाऱ्यांनी तो दाखवला. ‘हा वाचणार नाही’ असं ठरवून उपचार थांबवले की पेशंट जातो, आणि मग आकडेवारी सांगते की असे पेशंट वाचत नाहीत. भाकीत स्वतःलाच खरं करतं. म्हणूनच अशा रक्तस्रावाबाबत अमेरिकन हार्ट असोसिएशनची सूचना आहे की, आधीपासून तशी इच्छा नोंदवलेली नसेल तर उपचार मर्यादित करण्याचा नवा निर्णय निदान दाखल झाल्यानंतरच्या दुसऱ्या पूर्ण दिवसापर्यंत लांबवावा.

सांगली-साताऱ्यातल्या केसपेपरवरून मृत्यूचं भाकीत करणारं मॉडेल तुम्ही बनवायला घेतलं तर पहिलं काम हे: सल्ल्याविरुद्ध घरी नेलेले पेशंट वेगळे काढा. ते ‘वाचले’मध्येही बसत नाहीत आणि ‘आजाराने गेले’मध्येही नाही. सरसकट वगळलेत तरी चूक, कारण नेलेले आणि ठेवलेले यांच्यात पैशाचा आणि अंतराचा फरक असतो.

आणि बाहेर बसलेल्यांचं स्वतःचं काय? २००५ साली फ्रान्समध्ये एली अझुले यांच्या अभ्यासात आयसीयूतल्या पेशंटच्या सुमारे एक तृतीयांश नातेवाइकांत तीन महिन्यांनंतरही मानसिक आघाताची लक्षणं होती. ब्राझीलमध्ये ३६ आयसीयूंत भेटीची वेळ दिवसाला १२ तासांपर्यंत वाढवून पाहिली. पेशंटच्या भ्रमात फारसा फरक पडला नाही, पण नातेवाइकांची चिंता आणि नैराश्य कमी दिसलं (२०१९). पेशंटकडे बघितलं तर हा अभ्यास फसला, नातेवाइकांकडे बघितलं तर नाही. आपण मुळात कोणाकडे बघणार आहोत, हे प्रपोजलच्या पहिल्या पानावरच लिहिलेलं असावं.

शेवटचा मुद्दा संमतीपत्राचा. पेशंट शुद्धीवर नसेल तर सही नातेवाइकाची घेतली जाते. रात्री दोन वाजता, ज्याने अजून गावाकडे फोनही केलेला नाही, तो माणूस तुम्ही पुढे केलेल्या कुठल्याही कागदावर सही करेल. ‘नाही म्हटलं तर उपचार थांबतील’ अशी भीती त्याच्या मनात असते, फॉर्मवर काहीही छापलेलं असो. आयसीएमआरच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार पेशंट भानावर आल्यावर त्याची स्वतःची संमती पुन्हा घ्यायची असते. बहुतेक प्रपोजलमध्ये त्यासाठी एक ओळ असते. ती भेट कोण घेणार, वॉर्डात की आटपाडीच्या घरी, आणि एसटीचं भाडं कुठल्या खात्यातून जाणार, हे आत्ताच बजेटमध्ये लिहून ठेवा.