सूर्यातली पिवळी रेषा आणि आम्ही

दहावीनंतर विज्ञान शाखेचा अर्ज मागायला गेलो, तेव्हा एका गुरुजींनी ऐकवले, 'तुमच्या मुलांना आर्ट्सच बरे.' आम्ही आर्ट्स केले, वकील झालो, चळवळीत आलो. भौतिकशास्त्राची गोडी मात्र तीस वर्षे मनात तशीच पडून राहिली.

परवा मुलीच्या बारावीच्या पुस्तकात बोर यांचा अणू दिसला आणि पक्षकारांच्या फायली बाजूला राहिल्या. अणूतला इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवरून खाली येतो, तेव्हा नेमक्या तेवढ्याच ऊर्जेचा प्रकाश सोडतो. म्हणून प्रत्येक मूलद्रव्याच्या रंगरेषा ठरलेल्या. १९१३ साली बोर यांनी हे हायड्रोजनसाठी सोडवले. दोन इलेक्ट्रॉनांच्या हेलियमपुढे त्यांचे गणित अडले. ते कोडे पुढे क्वांटम यांत्रिकीने सोडवले.

हेलियम म्हटले की आम्हा रत्नागिरीकरांना विजयदुर्ग आठवतो. १९८१ पर्यंत तो आमच्याच जिल्ह्यात होता. लॉकियर साहेबांनी १८६८ साली तिथून हेलियम शोधला, असे आम्ही भाषणांतही सांगत आलो. आता वकिली सवयीने पुरावा तपासला. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास सूर्यग्रहण गुंटूरहून पाहिले ते जान्सेन यांनी. लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होते. सूर्यातली ती पिवळी रेषा त्यांनी ऑक्टोबरमध्ये तिथेच, ग्रहणाशिवाय पाहिली. विजयदुर्गला ते आले २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. तोवर, १८९५ साली, रॅम्से यांना पृथ्वीवरही हेलियम मिळाला होता.

अभिमानाला धक्का बसला, हे खरे. पण ऐकीव आहे, परंपरेने आले आहे म्हणून मानू नका, हे तथागतांनी कालामांना सांगितले. पुराणातल्या विमानांचा पुरावा मागणाऱ्या आम्ही आमच्या किल्ल्याला सूट कशी द्यावी?

आणि अभिमानच हवा असेल तर मेघनाद साहा आहेत. वसतिगृहात जातीमुळे पंगतीबाहेर बसावे लागलेला हा गरीब घरचा मुलगा. तापमानाप्रमाणे ताऱ्यांतल्या अणूंचे आयनीभवन कसे बदलते, याचे समीकरण त्यांनी १९२० साली मांडले. ताऱ्यांच्या रंगरेषांचा अर्थ जगाला त्यामुळे लागला. भौतिकशास्त्र कोणाच्या मुलांचे, याचे उत्तर शंभर वर्षांपूर्वीच दिले गेले आहे. आम्हाला ते त्या दिवशी ठाऊक नव्हते, म्हणून अर्ज न घेता परतलो.

आमच्या वस्तीतल्या मुलांनी तसे परतू नये. धम्मबांधवांनो, विहारात रविवारचा एक तास विज्ञानाला द्या. खर्च नाही. जुनी सीडी साध्या बल्बखाली तिरकी धरा, रंग सलग दिसतील. ट्यूबलाईटखाली धरा, पट्टे तुटक दिसतील. असे का, हे मुलांना विचारू द्या. उत्तर येत नसेल तर त्यांच्याबरोबर पुस्तक उघडा. आम्हीही या वयात तेच करतो आहोत.

जयभीम!