स्लॅबला सिमेंट किती?

एक भांडे खडी आणि अर्धे भांडे वाळू एकत्र केली, तर दीड भांडे मिश्रण होईल का? वर्गात करून पाहा. ते बरेच कमी भरते, कारण वाळू खडीमधल्या पोकळ्यांत शिरते. सिमेंटही तसेच वाळूच्या पोकळ्यांत शिरते. घराच्या स्लॅबचा हिशेब करताना हे विसरून चालत नाही.

समजा, स्लॅब 6 मीटर लांब, 5 मीटर रुंद आणि 12.5 सेंटिमीटर जाड आहे. त्याचे घनफळ 3.75 घनमीटर. तेवढ्या काँक्रीटसाठी कोरडा माल सुमारे 1.54 पट, म्हणजे 5.78 घनमीटर लागतो. सिमेंट, वाळू व खडी यांचे प्रमाण 1 : 1.5 : 3 धरल्यास एकूण भाग 5.5, म्हणून सिमेंट 1.05 घनमीटर. 50 किलोच्या पोत्यात सुमारे 0.035 घनमीटर सिमेंट असते. म्हणजे पोती 30.

पोकळ्या विसरून 3.75 लाच 5.5 ने भागले, तर उत्तर येते जेमतेम 20 पोती! मग दोन-तृतीयांश स्लॅब होताच सिमेंट संपते. उरलेला भाग दुसऱ्या दिवशी ओतला, तर तो घट्ट झालेल्या काँक्रीटशी नीट सांधत नाही आणि तेथून पाणी झिरपते. त्यापेक्षा सांडलवंडीसाठी दोन पोती जास्तच आणावीत.